डाव्या पायरीवरचं पोतं

नवरात्रातल्या चौथ्या माळेला, दुपारी, भूम तालुक्यातल्या एका ओढ्याच्या पुलावर नाईक बालाजी शेळके आमच्या ट्रकच्या डाव्या पायरीवरून पाण्यात पडला. पुलावर त्या वेळी मांडीभर पाणी होतं. ट्रक मी चालवत होतो. बालाजी दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या बंधाऱ्यावर सापडला.

मी तेव्हा लष्करात, इंजिनिअर्सच्या एका युनिटमध्ये हवालदार होतो. ट्रेड ड्रायव्हर, गाव ढोकी. आता निवृत्त आहे. इथं लिहिलेलं काही मी स्वतः पाहिलं, काही आमच्या ट्रकवरच्या सॅपर, म्हणजे जवान, गुरमीतनं सांगितलं आणि काही चौकशीत नोंदलं गेलं.

युनिट पुण्याकडं होतं. पहिल्या माळेच्या रात्री निघायचा हुकूम आला. फ्लड रिलीफ कॉलम, म्हणजे पुरातल्या मदतीची तुकडी: तीन ट्रक, दोन बोटी, एक जनरेटर, एक वेल्डिंग सेट. कॉलमचे कमांडर एक कॅप्टन साहेब होते. त्यांचं मूळ गाव डेहराडूनकडं होतं आणि त्यांना मराठी येत नव्हती. भूमच्या जिल्ह्यातले आम्ही दोघंच, मी आणि बालाजी. बालाजीचं गाव येरमाळ्याजवळ, येडाई देवीच्या डोंगराखाली.

वाटेत तो माझ्या शेजारी बसला होता. म्हणाला, "भूमकडं लोक पोरगी द्यायला मागंपुढं बघायचे. पाणी न्हाय म्हणून."

"आता देतील," मी म्हणालो.

"आता पोहता येतंय का ते इचारून देतील."

भूमला आम्ही बाजाराच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मुक्काम केला. पाऊस थांबलेला नव्हता. रस्ते दिसत नव्हते. शेतं आणि रस्ता यांच्यावर एकच पाणी होतं आणि त्यातून विजेचे खांब वर आलेले होते. बोटी सखल भागात चालल्या, पण ओढ्यांवर चालल्या नाहीत. तिथं धार जोराची होती, आणि वाहून आलेल्या बाभळी आणि तारा पंख्यात अडकत होत्या. ओढे ओलांडायचं काम ट्रकांवर आलं.

बुडालेल्या रस्त्यावरून ट्रक न्यायची एक पद्धत आहे. दोन्ही दारांखाली केबिनमध्ये चढायची पायरी असते. दोन्ही पायऱ्यांवर एकेक माणूस उभा राहतो. एका हातानं आरशाचा लोखंडी दांडा धरायचा, दुसऱ्या हातातल्या बांबूनं रस्त्याची कड चाचपायची. ड्रायव्हरला फक्त समोरचं पाणी दिसतं. कड किती लांब आहे ते पायरीवरचा माणूस ओरडून सांगतो. दारावर दोन थापा म्हणजे चल. एक थाप म्हणजे थांब. कमरेला दोर बांधत नाहीत. माणूस पडला आणि दोर चाकात गेला, तर दोर माणसाला चाकाखाली ओढतो. लाइफ जॅकेट असतं.

डाव्या पायरीवर बालाजी, उजव्या पायरीवर गुरमीत, अशी आमच्या ट्रकची नेमणूक होती.

पहिल्याच दिवशी गुरमीत सटकला. पायरी म्हणजे उठाव असलेली लोखंडी पट्टी. वर्षानुवर्षं बूट घासून उठाव गेलेले होते. त्यावर भूमची काळी माती बसली. ही माती ओली झाली की बुटाला चिकटते आणि लोखंडावरून घसरते. गुरमीतचा पाय गेला, तो दांड्याला लोंबकळला आणि गुडघ्याला खरचटून परत वर आला. ट्रक तेव्हा उथळ पाण्यात होता. तो हसला. कॅप्टन साहेब हसले नाहीत.

"इस पायदान का कुछ करो," ते म्हणाले. "आज ही."

आम्ही आधी पोती गुंडाळून बांधली. मातीनं ती तासाभरात भरली आणि पायरी आणखी निसरडी झाली. रंगात वाळू मिसळून लावायची जुनी पद्धत आहे. शांततेच्या काळात तीच चांगली. पण रंग वाळायला कोरडी हवा लागते. टायरचे तुकडे लावायचं कुणी सुचवलं. ओलं रबर आणि ओला बूट, त्याचा उपयोग झाला नसता.

बालाजी म्हणाला, येरमाळ्याला हायवेवर नागनाथ अप्पांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. उसाच्या ट्रॉल्या करतात. तिथं जाळी मिळेल.

आम्ही एक ट्रक घेऊन गेलो. दुकानात वीज नव्हती. अप्पा कपाळाला भस्म लावून दारातच पाऊस बघत बसले होते. बालाजीला त्यांनी ओळखलं.

"शेळक्याचा बाळू न्हाय का तू? घरी जाऊन आलास?"

"न्हाय अप्पा. ड्यूटी हाय. आईला फोन लावलाय."

"काय पायजे?"

"जाड जाळी. पायरीवर मारायची. पाय सटकू न्हाय असली."

अप्पांनी मागून जाळीचा पत्रा काढला. लोखंडाचा पत्रा चिरून ताणला की पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची भोकं पडतात, तसली ती जाळी होती. कडा उभ्या, धारदार. अप्पा म्हणाले, "पट्टीला चिकटवून मारू नका. खाली सळईचे तुकडे टाका, त्यावर जाळी. मदी फट ऱ्हायली पायजे. चिखल खाली गळंल."

"तुमी ट्रॉल्यांना अशीच करता का?"

"कुठलं! लोकांला चमकणारी पायरी पायजे. रंग द्या म्हणतेत. दसऱ्याला हार घालतेत अन् दिवाळीत त्याच पायरीवरून आपटतेत."

जाळी, सळई आणि दोन डझन वेल्डिंगच्या काड्या त्यांनी ट्रकमध्ये टाकल्या. त्या संध्याकाळी शेडमध्ये जनरेटर लावून आम्ही तिन्ही ट्रकांच्या सहा पायऱ्यांवर जाळ्या मारल्या. सळईचे चार आडवे तुकडे, त्यावर जाळी, बाहेरच्या कडेला बोटभर उभी पट्टी. वेल्डिंग बालाजीनं केलं. मी हातोड्यानं प्रत्येक टाका ठोकून पाहिला. एकही सुटला नाही.

तिसऱ्या माळेला दिवसभर ट्रक चालले. कुणाचा पाय सटकला नाही. बूट जाळीत रुतायचा आणि तिथंच राहायचा. चिखल अप्पांनी सांगितल्याप्रमाणे खाली गळत होता.

अडचण वेगळीच आली. तरणी माणसं मागच्या फळीवरून शिडीनं चढत. म्हाताऱ्यांना आणि दिवस भरत आलेल्या बायकांना शिडी जमत नव्हती. त्यांना डाव्या दारानं केबिनमध्ये घ्यायचं ठरलं होतं, म्हणजे डाव्या पायरीवरून. आणि आमच्या जिल्ह्यात नवरात्राचे नऊ दिवस कितीतरी माणसं पायात काही घालत नाहीत. बायका तर बहुतेक सगळ्याच.

पहिली बाई चढायला आली तिनं पाय टेकवला आणि लगेच मागं घेतला. टाचेला धार लागली होती.

"ही पायरी हाय का किसणी?" ती ओरडली. "आमाला खोबरं समजलास का रं, मेल्या?"

मागची माणसं हसली. बालाजीही हसला. "मावशी, चप्पल घाला की."

"नवरात्रात? तुजी आय घालती का?"

"न्हाय घालत."

"मंग?"

बालाजीनं शेडमधून आणलेलं एक रिकामं पोतं दुहेरी केलं आणि जाळीवर अंथरलं. बाई त्यावर पाय देऊन वर आली. त्या दिवसापासून आमच्यात त्या पायरीला किसणीच म्हणू लागले. गुरमीतही म्हणायचा, त्याला अर्थ समजावून सांगावा लागला.

कॅप्टन साहेबांनी पोतं पाहिलं. "ये क्या है?"

"साब, ये लोग नंगे पैर हैं. माता का व्रत है. जाली लगती है."

साहेबांनी पायरीवर हात ठेवून पाहिला. "चढ़ने तक ठीक है. गाड़ी हिलने से पहले ये हटेगा. हर बार."

"जी साब."

हुकूम स्पष्ट होता आणि बालाजी तो पाळत होता. माणूस आत बसला की तो पोतं ओढून काढायचा, दारातून माझ्या पायांशी फेकायचा, जाळीवर उभा राहायचा आणि मग दारावर दोन थापा मारायचा. माझ्या बुटांना दिवसभर ओलं पोतं लागत होतं. ड्रायव्हरच्या सीटवरून डावी पायरी दिसत नाही. आरशात दाराचा मागचा भाग आणि ट्रकची बाजू दिसते.

चौथ्या माळेला आम्हाला ओढ्यापलीकडच्या एका वस्तीवर पाठवलं. वस्तीच्या वरच्या अंगाला साठवण तलाव आहे. तो भरून वाहत होता आणि त्याच्या भरावातून पाणी झिरपतंय असा निरोप होता. भराव गेला तर वस्ती आणि पूल दोन्ही जाणार होते. त्याआधी माणसं अलीकडे आणायची होती. पूल बुटका, कठडा नसलेला. दोन्ही कडांना थोड्या थोड्या अंतरावर दगडी खुंट होते. खुंटांची डोकी दिसत होती, तोवर पूल कुठं आहे ते कळत होतं.

दुपारपर्यंत दोन खेपा झाल्या. तिसरी खेप शेवटची होती. मागं माणसं बसली, पोरं बसली, कुणाची शिलाई मशीन बसली. एक जण राहिली होती. गोदाबाई, पंचाहत्तरीच्या पुढची. ती गोठ्यात होती. बालाजी तिला आणायला गेला. गोठा रस्त्याला लागूनच होता आणि माझी काच खाली होती, त्यामुळं बोलणं ऐकू येत होतं.

"आजी, चला आता."

"म्हशीचं दावं सोडल्याबिगर न्हाय येत म्या."

"मी सोडतो. तुमी गाडीत बसा."

"तुला लाथ घालंल. वळख न्हाय तुजी."

"मंग लवकर सोडा."

"हात थरथरतेत रं. घाई करू नगंस."

बालाजीनं चाकूनं दावं कापलं. म्हैस बाहेर पडून चढाकडं गेली. गोदाबाईनं कापलेलं दावं उचलून बघितलं. "नवं व्हतं की," ती म्हणाली.

ती अनवाणी होती. बालाजीनं पोतं अंथरलं. तिनं पोत्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"कुणाचा तू?"

"येरमाळ्याकडचा."

"येडाईच्या पायथ्याचा व्हय? मंग तुला कळतंय."

तिनं एक पाय वर ठेवला. दुसरा गुडघा वाकत नव्हता. बालाजी तिच्या मागं पायरीवर चढला आणि तिला खांद्यानं वर रेटू लागला. तेव्हा वायरलेस सेटवर कॅप्टन साहेबांचा आवाज आला. ते अलीकडच्या काठावर होते.

"ब्राव्हो टू, ऊपर बंड कट गया है. अभी निकलो. ओव्हर."

"निकल रहा हूँ. ओव्हर."

तलावाचा भराव फुटला होता. मी गिअर टाकला. गोदाबाई सीटवर आली. बालाजीनं बाहेरून दार ओढून घेतलं. दार बंद झालं आणि दारावर दोन थापा पडल्या. मी क्लच सोडला.

पुलावर शिरताना पाणी गुडघ्याच्या वर होतं. धार उजवीकडून डावीकडं होती. गुरमीत धारेच्या बाजूला, बालाजी उताराच्या. दोघांचे आवाज येत होते.

"ठीक हाय. ठीक हाय. थोडं उजवीकडं. ठीक."

"राइट साइड ओके, उस्ताद."

अर्धा पूल झाला. उजव्या बाजूनं पाणी एकदम वाढलं. ट्रक डावीकडं वीतभर सरकला. बालाजी ओरडला, "उजवीकडं घ्या, कड आली!" मी स्टिअरिंग उजवीकडं घेतलं. डावं पुढचं चाक एका खड्ड्यात गेलं आणि बाहेर आलं. पुलाचा वरचा थर तिथं वाहून गेलेला होता. ट्रकला धक्का बसला. धक्का मोठा नव्हता. आदल्या दिवशी याहून मोठे बसले होते.

डाव्या खिडकीतून मला आरशाच्या दांड्यावरचा बालाजीचा हात दिसत होता. धक्क्यानंतर हात दिसला नाही. बांबू मडगार्डवर आपटल्याचा आवाज आला.

गुरमीतनं केबिनमधून पलीकडं बघितलं. "उस्ताद, बालाजी गया!"

मी सेट घेतला. "ब्राव्हो टू. बालाजी पानी में. पुल के बीच, बाईं तरफ. ओव्हर."

काठावरून साहेबांचा आवाज आला.

"गाड़ी मत रोकना. बोट भेजता हूँ. ओव्हर."

"मत रोकना. रॉजर."

गोदाबाईनं खिडकीतून सगळं पाहिलं होतं. "थांबीव!" ती म्हणाली. "थांबीव की रं! पोरगं गेलं!"

"आजी, थांबता येत नाही."

तिनं माझ्या हातावर मारलं. मी स्टिअरिंग सोडलं नाही. ती मारत राहिली. मागं माणसांना काय झालं ते कळलेलं नव्हतं. धारेत थांबलं असतं तर इंजिन बंद पडलं असतं आणि ट्रक माणसांसकट सरकला असता. उरलेला पूल ओलांडून आम्ही अलीकडं आलो. मी ट्रक चढावर नेऊन उभा केला. खाली उतरलो तेव्हा पुलाचे दगडी खुंट बुडालेले होते.

गुरमीतनं पाण्यात नारिंगी जॅकेट एकदा पाहिलं होतं. एका खुंटाच्या पलीकडं, वळणाच्या आधी. त्यानंतर कुणालाच दिसलं नाही. बोट उतरवली. वळणापाशी बाभळींच्या जंजाळात ती अडकली आणि मागं घ्यावी लागली. गुरमीत आणि आणखी दोघं काठानं धावत गेले. अंधार पडेपर्यंत शोध चालला. वस्तीतली सहाच्या सहा घरं संध्याकाळी पाण्याखाली गेली. वस्तीवरची सगळी माणसं भूमच्या शाळेत पोचली होती. तिथं घराघरानं नावं घेतली. कुणी कमी नव्हतं.

ट्रक उभा केल्यावर डाव्या बाजूला आधी गुरमीत गेला. त्यानं मला हाक मारली. पोतं पायरीवरच होतं. त्याचं एक टोक जाळीच्या धारेत अडकलं होतं, दुसरं बाहेर लोंबत होतं. मधला भाग काळ्या मातीनं भरला होता. त्यावर बुटाची घसरलेली एक लांब खूण होती. कॅप्टन साहेबांनी हात लावू दिला नाही. आधी फोटो काढले.

चौकशी नंतर पुण्याला झाली. जाळी मजबूत होती, वेल्डिंगचा एकही टाका सुटलेला नव्हता, लाइफ जॅकेट अंगावर होतं आणि नीट बांधलेलं होतं, असं नोंदलं गेलं. पोतं हलवायच्या आत सेटवर निघायचा हुकूम आला, हेही नोंदलं गेलं. दार बंद होण्याच्या आणि दोन थापांच्या मध्ये पोतं काढण्याइतका वेळ होता का, यावर साक्षी जुळल्या नाहीत. गुरमीत म्हणाला, नव्हता. मागं बसलेला एक माणूस म्हणाला, असेल. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की मला डावी पायरी दिसत नाही.

गोदाबाईची साक्ष भूमच्या शाळेतच घेतली होती. घेणारे अधिकारी हिंदीत विचारत होते, मी मराठीत सांगत होतो. पोतं कुणी टाकलं, असा प्रश्न होता.

"माज्यासाठी आथरलं व्हतं त्यानं," ती म्हणाली. "तसंच लिवा. दुसरं काय लिवू नगा."

तसंच लिहिलं गेलं. मृत्यू कर्तव्यावर असताना झाला, असा निष्कर्ष निघाला. पुढं आमच्या युनिटच्या ट्रकांवरच्या जाळ्या काढल्या आणि खालून ठोकून गोल उठाव काढलेले जाड पत्रे लावले. त्यावर बूट धरतो आणि अनवाणी पाय कापत नाही. पायरीवर काहीही अंथरू नये, असा लेखी हुकूम निघाला.

बालाजी सापडला त्या सकाळी पाऊस थांबला होता. बंधाऱ्याच्या भिंतीला बाभळी, कडबा आणि एक पत्रा अडकला होता. बालाजी त्या पत्र्याखाली होता. डोक्याच्या मागच्या बाजूला मोठी जखम होती. डॉक्टरांनी सांगितलं की मार पडताक्षणी लागला असावा. पुलाच्या दगडी खुंटाचा, असं चौकशीत धरलं गेलं. ओळख मी पटवली.

दुपारी त्याला गावी नेलं. त्या ट्रकवर मी नव्हतो. मी मागच्या गाडीत कॅप्टन साहेबांबरोबर होतो. येरमाळ्याला हायवेवरची दुकानं बंद होती. नागनाथ अप्पा रस्त्याच्या कडेला उभे होते. ट्रक पुढं गेल्यावर ते गर्दीबरोबर चालत आले.

बालाजीच्या मागं आई, बायको आणि शाळेत जाणारी एक मुलगी. वडील आधीच गेलेले. आईनं मला ओसरीवर बसवलं.

"तुमच्या गाडीवर व्हता?"

"होय."

"पोहता येत व्हतं त्याला. इहिरीत शिकला."

"डोक्याला लागलं होतं, मावशी."

"मंग त्याला कळलं नसंल."

"नाही."

तिनं मान हलवली. कॅप्टन साहेबांनी काय बोलणं झालं ते विचारलं. मी सांगितलं. ते उठून बाहेर गेले.

सलामी शेतात दिली. गार्ड आमच्याच कॉलमची होती, त्यामुळं बहुतेकांच्या वर्दीवर भूमचा चिखल होता. गुरमीत गार्डमध्ये होता. बिगुल वाजला, फैरी झाल्या. तिरंगा घडी करून बायकोच्या हातात दिला. अग्नी चुलत्यानं दिला.

शेतातून परत आलो तेव्हा घरात बायका खोळंबून बसल्या होत्या. देव्हाऱ्यापुढं घट बसलेला होता. घरात सुतक, भावकीला सुतक, त्यामुळं घट आजच उचलायचा होता, पण त्याला हात कुणी लावायचा हा प्रश्न होता. शेवटी भावकीबाहेरच्या, खालच्या आळीतल्या एका बाईला बोलावलं. तिनं माळा उतरवल्या, दिवा मालवला आणि घट उचलून नदीकडं नेला. घटातलं धान बोटभर उगवलं होतं. त्या दिवशी पाचवी माळ होती.